हिवाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी

डिसेंबर आला की टोरांटो, कॅल्गरी, विनिपेग, मिनिआपोलिस भागातली बरीच मराठी मंडळी दीड-दोन महिन्यांसाठी भारतात येते. निघण्याआधी घराचं पाणी बंद होतं, हीटिंग कमी केलं जातं, फ्रीज रिकामा होतो, किल्ली शेजाऱ्याकडे जाते. गाडी मात्र ड्राइव्हवेवर लावून कुलूप घातलं की विषय संपतो. फेब्रुवारीत परतल्यावर ती सुरू होत नाही आणि सगळा दोष थंडीला दिला जातो.

तो दोष अर्धाच खरा आहे. पूर्ण चार्ज असलेली धडधाकट बॅटरी उणे ३० अंशात दोन महिने पडून राहिली तरी तिला काहीही होत नाही. थंडीत मरते ती अर्धवट उतरलेली बॅटरी. त्यामुळे कामं दोनच: जाण्याआधी बॅटरी काठोकाठ भरणं आणि मधल्या काळात ती उतरू न देणं. रस्त्यावरच्या मिठाने पत्रा गंजू नये म्हणून जी मंडळी नोव्हेंबर ते एप्रिल आपली कन्व्हर्टिबल किंवा जुनी गाडी गॅरेजमध्ये ठेवतात, त्यांनाही हेच लागू आहे. फक्त त्यांचा मुक्काम लांबचा.

बॅटरी गोठते म्हणजे काय

नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येकात शिशाच्या प्लेटा सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात बुडालेल्या असतात. बॅटरी भरलेली असते तेव्हा आम्ल द्रावणात असतं. ती उतरू लागली की आम्लातलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं आणि मागे उरणारं द्रावण अधिकाधिक पाण्यासारखं होत जातं. पाणी शून्याला गोठतं, बॅटरीतलं आम्लाचं तीव्र द्रावण त्याच्या कितीतरी खाली. सगळी गोम इथे आहे.

पूर्ण चार्ज बॅटरीतल्या द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, १.२६५ च्या आसपास असतं आणि ते गोठायला उणे ५५ च्याही खाली जावं लागतं. ७५ टक्क्यांवर, म्हणजे १.२२५ ला, गोठणबिंदू उणे ३५ च्या जवळ येतो. निम्मी उतरली की सुमारे उणे २५. पाव उरली की उणे १५. पार उतरलेली बॅटरी उणे १० च्या आतबाहेरच गोठते, आणि एवढी थंडी टोरांटोलाही दरवर्षी पडते, विनिपेगचं तर विचारूच नका. गोठताना बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, मधले पडदे फाटतात, कधी डब्यालाच चीर जाते. अशी बॅटरी परत येत नाही.

गोठली नाही तरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने दुसरं नुकसान होतं. प्लेटांवर बसलेलं लेड सल्फेट सुरुवातीला बारीक आणि मऊ असतं, चार्ज करताच ते परत विरघळतं. तसंच पडून राहिलं की त्याचे मोठे, कडक स्फटिक बनतात आणि मग चार्जर लावला तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. बॅटरी चार्ज झाल्यासारखी दिसते, व्होल्टेज ठीक दाखवते आणि स्टार्टर फिरवायला लागलं की बसते. याला सल्फेशन म्हणतात. वर्षातून एकदाच नीट उतरू दिलेल्या बॅटरीचं आयुष्य त्यामुळे बरंच कमी होतं.

भारतातून गेलेल्यांच्या मनात बॅटरीचं शत्रुत्व उन्हाळ्याशी जोडलेलं असतं आणि ते चूक नाही. उष्णतेने आतल्या जाळ्या झिजतात, पाणी उडतं, बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. हा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून पुण्यात मे महिन्यात नुसती पडलेली बॅटरी लवकर उतरते, आणि उणे १५ मध्ये सुटी ठेवलेली बॅटरी जवळपास उतरतच नाही. मग ड्राइव्हवेवरची का उतरते?

वीज जाते कुठे

कारण ती सुटी नसते. गाडी कुलूपबंद असली तरी अलार्म, किल्लीचा सिग्नल ऐकणारा रिसीव्हर, घड्याळ, इंजिनच्या कंप्युटरची मेमरी आणि हल्लीच्या गाड्यांमधलं मोबाइल नेटवर्कशी बोलणारं मॉड्यूल जागं असतं. सगळं नीट झोपी गेल्यावर चांगल्या गाडीचा हा खर्च २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा किरकोळ वाटतो म्हणून गणित करून पाहा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास (बॅटरीतली साठवण याच मापात मोजतात). ६० दिवसांचे ७२. मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची असते. म्हणजे कुठलाही बिघाड नसताना दोन महिन्यांत ती पूर्ण रिकामी, आणि महिन्याभरातच इतकी उतरलेली की उणे २५ ला गोठेल. २५ मिलिअँपिअरचा खर्च धरला तरी दोन महिन्यांत ३६ अँपिअर-तास जातात.

त्यात डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर हिशेबच वेगळा. तो दोन-तीनशे मिलिअँपिअर सहज खातो आणि आठ-दहा दिवसांत बॅटरी झोपवतो. विमा कंपनीने दिलेलं किंवा स्वतः बसवलेलं डायग्नोस्टिक पोर्टातलं डोंगल, फोनचा चार्जर, टोल ट्रान्सपॉन्डरला जोडलेली एखादी वायर, हे सगळं जाण्याआधी काढा. चावीविरहित गाडी असेल तर चावी गाडीजवळच्या भिंतीवर अडकवू नका. चावी टप्प्यात असली की काही गाड्या पुन:पुन्हा जाग्या होतात. चावी घरात दूर ठेवा, दुसरी चावीही.

खर्च मोजायचा असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. तो १० अँपिअर डीसीवर लावा आणि लाल वायर त्यासाठीच्या वेगळ्या भोकात घाला. बॉनेट उघडा, ड्रायव्हरचं दार उघडून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. बॉनेटच्या कडीचंही तसंच करा. आता निगेटिव्ह टर्मिनलवरची वायर सोडवा, मीटरचं एक टोक सुट्या वायरच्या क्लॅम्पला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, घाबरू नका. पाऊण तास, काही गाड्यांत त्याहून जास्त, थांबा. एकेक कंप्युटर झोपतो तसा आकडा पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो. मीटर जोडलेला असताना इग्निशन लावू नका, स्टार्टर तर मुळीच नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या (मीटरवर ०.०५) खाली स्थिरावला तर ठीक. १५०-२०० वर अडकला तर काहीतरी जागं राहतंय: बहुधा डिकीतला दिवा, नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा एखादा चिकटलेला रिले (विजेवर चालणारा स्विच). एकेक फ्यूज काढून पाहिलं की कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते कळतं. हे जाण्याच्या आदल्या रात्री करू नका, दोन आठवडे आधी करा. दोष सापडला तर दुरुस्तीला वेळ हवा.

जाण्याआधीची तयारी

आधी बॅटरीचं वय बघा. वर तारखेचा स्टिकर किंवा कोरलेला कोड असतो. चार-पाच वर्षं झाली असतील तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. तिची पद्धत अशी: बॅटरीवर लिहिलेल्या कोल्ड क्रँकिंग अँपिअरच्या (थंडीत स्टार्टर फिरवायची ताकद सांगणारा आकडा) निम्मा भार १५ सेकंद द्यायचा आणि २१ अंश तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. नापास झाली तर चार्जरवर पैसे घालू नका, बॅटरीच बदला. थकलेल्या बॅटरीला कुठलाही चार्जर तरुण करत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

मग टर्मिनल. त्यांच्यावरचा पांढरा-हिरवट थर खांब आणि क्लॅम्पमधली वीज अडवतो, आणि दोन खांबांच्या मध्ये पसरला तर थोडी थोडी वाहूही देतो. वायर सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बहुतेक जपानी गाड्यांना १० मिलिमीटरचा पाना लागतो. निगेटिव्ह आधी का, तर पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. निगेटिव्ह जोडलेली असेल तर त्याच चुकीला पाना लालबुंद होतो. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू घासा. फेस येईल, तो थांबेपर्यंत घासा, मग साध्या पाण्याने पुसा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, आतल्या आम्लाचं वाटोळं होईल. पूर्ण कोरडं करून वायर ब्रश मारा. जोडताना उलटं: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे असू द्यात.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा द्रावणात बुडाल्यात ना ते पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि बाकीची पातळी चार्जिंग झाल्यावर पूर्ण करा. चार्ज होताना द्रावण वर येतं, आधीच तुडुंब भरलं तर ते उतू जातं. नळाचं पाणी नको. पाणी घातल्यावर चार्जिंग न करता गाडी थंडीत सोडू नका, कारण वर तरंगणारं ताजं पाणी मिसळण्याआधीच गोठतं.

मग पूर्ण चार्ज. विमानतळापर्यंतची अर्ध्या तासाची ड्राइव्ह म्हणजे चार्जिंग नाही. थंड बॅटरी विद्युतप्रवाह नाइलाजाने घेते, आणि हीटर, मागच्या काचेची जाळी, गरम सीट, दिवे यांतच अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची) बरीच शक्ती जाते. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी डिसेंबरात बहुधा ७०-८० टक्क्यांवरच असते. म्हणून भिंतीच्या प्लगवर चालणारा चार्जर रात्रभर लावा. निम्मी उतरलेली ६० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरच्या चार्जरला आठ-दहा तास घेते. शेवटचे २० टक्के हळू जातात, त्यात घाई चालत नाही.

चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका. प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो. सहा-आठ तासांनी मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण. १२.४ म्हणजे सुमारे ७५ टक्के, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांत एजीएम बॅटरी असते, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली. तिचे आकडे थोडे वर असतात, पूर्ण भरल्यावर १२.८ ते १२.९. एजीएम बॅटरीने १२.५ दाखवले तर ती भरलेली नाही हे ध्यानात घ्या.

प्लग हाताशी असेल तर

गॅरेजमध्ये किंवा ड्राइव्हवेजवळ आउटलेट असेल तर प्रश्न सुटला. बॅटरी मेंटेनर लावा. साधा ट्रिकल चार्जर आणि मेंटेनर दिसायला सारखे, पण फरक मोठा आहे. जुन्या पद्धतीचा ट्रिकल चार्जर बॅटरी भरली तरी प्रवाह ढकलतच राहतो. दोन महिन्यांत पाणी उडून जातं आणि प्लेटा उघड्या पडतात. मेंटेनर बॅटरी भरतो, मग साधारण १३.२ ते १३.६ व्होल्टवर येऊन फक्त जेवढी वीज गाडी खाते तेवढीच देत राहतो. बॅटरी टेंडर ज्युनिअर ०.७५ अँपिअरचा आहे, नोको जीनियस-१ एक अँपिअरचा. उभ्या गाडीला एवढं भरपूर होतं. रिकामी बॅटरी भरायला मात्र ते तीन-चार दिवस घेतात, म्हणून पहिल्या चार्जिंगसाठी ४-५ अँपिअरचा असेल तर बरं. एकच घ्यायचा तर सीटेक कंपनीचा असतो तसा ४-५ अँपिअरचा, शेवटी फ्लोटवर, म्हणजे मेंटेनरसारखा नुसतं टिकवण्यावर, येणारा चार्जर घ्या. तो दोन्ही कामं करतो.

घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, तापमानानुसार व्होल्टेज बदलणं. थंड बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतं, दर अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट. २५ अंशांसाठी ठरवलेला चार्जर उणे २० मध्ये जवळजवळ एक व्होल्ट कमी पडतो आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. काही चार्जरवर हिमकणाचं चिन्ह असतं. पाच अंशांखालच्या चार्जिंगसाठी ती सेटिंग आहे आणि एजीएमलाही बहुधा तीच चालते. दुसरी, बॅटरीचा प्रकार: साधी, एजीएम की लिथियम. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बसवलेली असेल तर शून्याखाली तिला चार्ज करू नका आणि शिशाच्या बॅटरीसाठीचा दुरुस्ती मोड लावू नका. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: वीज जाऊन परत आल्यावर चार्जर आपणहून पुन्हा सुरू होतो का? बटण दाबून मोड निवडायचे काही चार्जर वीज परत आल्यावर नुसतेच बसून राहतात. बर्फाच्या वादळात तासभर वीज गेली तर तुम्ही नाशिकमध्ये बसून ते बटण कसं दाबणार? घरी प्लग काढून, पाच मिनिटांनी परत लावून आधीच खात्री करा.

मॅनिटोबा, सास्काचेवान, अल्बर्टा, मिनेसोटा इकडे पार्किंगमध्ये ब्लॉक हीटरसाठी आउटलेट असतात. ब्लॉक हीटर इंजिनमधलं शीतक गरम ठेवतो, बॅटरीला तो एक थेंबही वीज देत नाही. गाडीच्या जाळीतून बाहेर आलेली वायर लावली म्हणजे बॅटरीची सोय झाली, असं समजणारे पुष्कळ भेटतात. चार्जर वेगळाच लावावा लागतो. शिवाय काही इमारतींत हे आउटलेट आलटूनपालटून चालू-बंद होतात किंवा ठरावीक थंडीनंतरच सुरू होतात. तिथे आपोआप सुरू होणारा चार्जरच हवा.

जोडणीसाठी चिमटे वापरता येतात, पण दोन महिन्यांसाठी मी ते सुचवणार नाही. मेंटेनरसोबत रिंग टर्मिनल असलेली छोटी वायर मिळते, तिच्या लाल तारेत फ्यूज असतो. तीच कायमची बसवा: लाल रिंग पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टखाली आणि काळी रिंग इंजिनच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या बोल्टखाली. काळी बॅटरीच्या खांबावर का नको? नव्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर एक सेन्सर असतो, तो बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजतो. चार्जर थेट खांबाला लावला तर आत आलेली वीज त्याच्या हिशेबात येत नाही आणि गाडी बॅटरी उतरलेलीच समजते. वायरचं दुसरं टोक पुढच्या जाळीतून बाहेर काढा, फॅन, पट्टा आणि एक्झॉस्टपासून दूर बांधा. एप्रिलपर्यंत बॉनेट उघडायची गरज पडणार नाही. बॅटरी डिकीत असेल, काही जर्मन गाड्यांत असते तशी, तर बॉनेटखाली लाल झाकणाचा पॉझिटिव्ह खांब आणि अर्थचा बोल्ट दिलेला असतो, तिथे जोडा. गाडीतल्या लायटरच्या भोकातून चार्ज करायला जाऊ नका, बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की ते भोक मृत होतं.

क्रम: आधी गाडीशी जोडा, मग भिंतीत प्लग लावा. काढताना उलटं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी बॅटरीपासून दूर पडलेली बरी. एक्स्टेंशन बाहेर वापरायची जाड वायरच हवी, घरातली पातळ वायर उणे २० मध्ये कडक होऊन तडकते. दोन वायरींचा जोड बर्फात लोळू देऊ नका.

सोलर पॅनेलचं काय? खिडकीत ठेवायचे ५ वॉटचे पॅनेल उन्हाळ्यात ठीक. डिसेंबरात सूर्य खाली असतो, दिवस आठ-नऊ तासांचा, काचेवर बर्फ. बर्फाखालचं पॅनेल शून्य वीज देतं. बाहेर, दक्षिणेकडे तिरकं लावलेलं, कंट्रोलरसह २० वॉटचं असेल आणि बर्फ झटकायला कोणी असेल तरच विचार करा.

प्लग नसेल तर

अपार्टमेंटची उघडी पार्किंग असो की कोंडोचं तळघर, प्लग नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं. क्लॅम्पवर फडकं गुंडाळून तो खांबापासून लांब बांधा, म्हणजे लवचीक वायर आपणहून परत टेकणार नाही. आधी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी अशी सोडवून थंडीत ठेवली तर दोन-तीन महिने सहज टिकते. तळघरात तापमान बहुधा शून्याच्या वर असतं, तिथे गोठण्याची भीती नाही, पण गाडीचा खर्च चालूच असतो, त्यामुळे सोडवणं तिथेही हवंच.

सोडवण्याआधी थोडी काळजी. जुन्या गाड्यांचा रेडिओ कोड मागतो, तो शोधून ठेवा. अलार्म बंद होतो, काचांची आपोआप वर जाण्याची सोय विसरली जाते, इंजिन पहिल्या दिवशी थोडं अडखळत चालतं, आणि हे सगळं काही वेळात मार्गी लागतं. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो वीज नसताना सुटत नाही. गाडी सपाटीवर, गिअर पार्कमध्ये टाकून, हँडब्रेक न लावता, चाकांना लाकडी ठोकळे लावून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं: बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल तर डिकी बंद करण्याआधी ती उघडायचा यांत्रिक मार्ग कुठे आहे ते पाहा. रिमोटच्या आत लपलेली दाराची किल्ली कामाला येते, तीही आधी फिरवून बघा, वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप अडकतं.

बॅटरी काढून घरात आणणं हा आणखी खात्रीचा मार्ग, विशेषतः गाडी एप्रिलपर्यंत उभी असेल तर. तिचं वजन १५ ते २० किलो, उचलताना कंबर सांभाळा. उभीच ठेवा, आडवी नाही. थंड, कोरडी, हवेशीर जागा, गॅसच्या वॉटर हीटरपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते असं तिकडचे जुने लोक सांगतील. लाकडी किंवा रबरी डब्यांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला जमिनीचं काही नसतं. महिन्यातून एकदा मोजायचं आणि १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करायची.

हायब्रिडवाल्यांना वेगळी सूचना. मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी गाडी जागी होते ती छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रिडमध्ये ती मागच्या बाजूला असते आणि पेट्रोल गाडीपेक्षा लहान, ४५ अँपिअर-तासांच्या आसपास. म्हणून ती आधी उतरते. काढण्याआधी किंवा चार्जर लावण्याआधी गाडीचं मॅन्युअल वाचा. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी, उच्च दाबाच्या वायरींना हात लावायचा नाही.

शेजाऱ्याने आठवड्याला गाडी सुरू करण्याबद्दल

हा सल्ला सगळीकडून मिळतो आणि तो मला अजिबात पटत नाही. स्टार्टर फिरवायला लागणारी वीज तशी थोडी असते, अँपिअर-तासाचा छोटा अंश. पण जागेवर दहा मिनिटं चालणारं इंजिन थंड बॅटरीत फार काही भरत नाही. आठवडाभरात गाडीने खाल्लेले आठ-नऊ अँपिअर-तास त्यातून येत नाहीत. दुसरीकडे इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचून आतून गंज लागतो. बंद गॅरेजमध्ये सुरू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, दार अर्धं उघडं असलं तरी. शेजारी खरंच मदत करणार असेल तर त्याला आठवड्याला नव्हे, पंधरा दिवसांतून एकदा ३०-४० मिनिटं हायवेवर फिरवून आणायला सांगा, तुमच्या विम्यात त्याला परवानगी असेल तर. नाहीतर चार्जरचा दिवा हिरवा आहे का तेवढं बघायला सांगा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात: टाकी भरून ठेवा, सहा महिन्यांसाठी असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर घाला, टायरमध्ये हवा थोडी जास्त, गाडीत खाण्याचा कणही नको, उंदीर वायरी कुरतडतात.

परत आल्यावर

आधी मोजा, मग किल्ली फिरवा. १२.४ च्या वर असेल तर सुरू करा. १२ च्या खाली आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल तर आधी डबा तपासा. कडा फुगलेल्या, झाकण वर आलेलं, झाकणातून बर्फ दिसतो, अशी कुठलीही खूण दिसली तर चार्जरही नको आणि जंपर केबलही नको. गोठलेल्या बॅटरीत प्रवाह ढकलला तर ती फुटू शकते आणि आम्ल अंगावर येतं. ती काढून घरात, मोरीत किंवा प्लास्टिकच्या टबमध्ये दिवसभर वितळू द्या, चीर नाही ना बघा आणि मगच हळू चार्जवर लावा. बऱ्याचदा ती बदलावीच लागते.

पार उतरलेल्या बॅटरीला काही हुशार चार्जर ओळखतच नाहीत, त्यांना सुरुवातीला काही व्होल्ट दिसावे लागतात. चार्जर बिघडलाय असं समजून परत करू नका. दुसरी चांगली बॅटरी काही मिनिटं समांतर जोडली, किंवा चार्जरमध्ये त्यासाठीचा मोड असला, तर तो जागा होतो.

जंप करून गाडी सुरू झाली तरी काम संपलं नाही. अल्टरनेटर बॅटरी टिकवण्यासाठी असतो, रिकामी बॅटरी भरायला लावला तर तो तापतो आणि तरीही ती पूर्ण भरत नाही. घरी आणून चार्जरवर रात्रभर ठेवा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.८ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, थोडा वेळ निरखा. पूर्ण चार्जनंतर रात्रभर सोडवून ठेवलेल्या बॅटरीने सकाळी १२.४ च्या खाली दाखवलं तर बहुधा एखादा सेल गेला आहे, आणि पुढच्या थंड सकाळी रस्त्यात अडकण्याआधी नवी बॅटरी घ्या. बसवताना अँपिअर-तास आणि कोल्ड क्रँकिंग अँपिअर आधीच्या इतकेच किंवा जास्त, एजीएमच्या जागी एजीएमच, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने गाडीच्या कंप्युटरमध्ये करावी लागते, तेही त्याच वेळी करून घ्या.